पाडव्याची आदली रात्र

डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि बघता बघता ती ठाणे, गिरगाव अशी सगळीकडे पोहोचली. ढोल-ताशे, चित्ररथ, नऊवारी नेसून बुलेटवर निघालेल्या बायका हे सगळं दरवर्षी फोटोंत येतं. आमच्या मंडळाचं खरं संमेलन मात्र आदल्या रात्री, रस्त्यावर उकिडवं बसून व्हायचं.

रिक्षांची वर्दळ ओसरली की दोन्ही टोकांना बाकडी आडवी टाकायची आणि झाडू हातात घ्यायचा. रस्ता म्हणजे ठिगळांवर ठिगळं! पाण्याच्या लाइनीसाठी खणलेला चर, त्यावर घाईत ओतलेलं डांबर, कडेला खचलेले पेव्हर ब्लॉक. असल्या खडबडीत जागी रांगोळी गडप होते, म्हणून आधी कालवलेल्या गेरूचा जाडसर हात द्यायचा. तो वाळेपर्यंत चहा. मग खडू बांधलेली दोरी एकाने मधोमध दाबून धरायची आणि दुसऱ्याने गोल फिरायचं. वर्तुळात चाळणीने रंग पसरला की त्यावर संस्कार भारतीच्या पद्धतीची जाड पांढरी रेघ. ती पाचही बोटांतून सोडायची, मनगट सैल ठेवून. मध्येच थबकलं की तिथे ढीग झालाच. शंख, गोपद्म, सर्परेषा हे सगळं मी त्या डांबरावरच शिकले.

कोपऱ्यावर डांबराचा एक फुगवटा होता. पहिल्या वर्षी आम्ही त्याला वळसा घालून नक्षी नेत होतो. तळमजल्यावरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "अगं, वळसा कशाला घालताय? कासव करा की त्याचं!" फुगवट्यावर पाठीचे खवले आले, सपाटीवर चार पाय. सकाळी पालखी बघायला आलेली लहान मुलं तिथून हलेनात. तेव्हापासून कासव ठरलेलं आणि त्याची पाठ रंगवायचा मान दहावीची परीक्षा देऊन सुटलेल्या मुलांचा. कंत्राट देऊन रंगवलेल्या भिंतीही मला आवडतात, पण गल्लीने मिळून रंगवलेल्या जागेवर कचऱ्याची पिशवी फेकायला कोणाचा हात धजत नाही, हे मी दरवर्षी पाहिलंय.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि रांगोळीचं पोतं जिन्याखालीच राहिलं. पुढच्या वर्षीही तेच.

२०२२ मध्ये राज्याने २ एप्रिलपासून, म्हणजे नेमकं पाडव्यापासून, सगळे निर्बंध उठवले. आदल्या रात्री बदलापूर, टिटवाळ्याला राहायला गेलेली मंडळीसुद्धा शेवटची लोकल चुकणार हे ठाऊक असून आली. इतके हात लागले की मध्यरात्रीच पांढरी रांगोळी संपली. दुकानं बंद. शेवटी काकूंनी घरातून तांदळाच्या पिठाचा डबा आणला आणि कासवाचं शेपूट पुरं केलं.