न उसवलेला तुकडा

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आत्ताच परतले. नखांच्या कडा निळ्या, चेहऱ्यावरचा मेकअप अजून तसाच, आणि समोर टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला, गच्च बांधलेला एक तुकडा. तो उघडण्याआधी आजचा दिवस लिहून काढते. सकाळपर्यंत यातलं निम्मं निसटलेलं असेल.

टीव्हीवरच्या हस्तकलेच्या कार्यक्रमात आज पहिल्यांदा गेले. टाके घालून, चुण्या घट्ट ओढून, निळीच्या (इंडिगोच्या) रंगात बुडवून कापडावर नक्षी कशी उमटते ते दाखवायचं होतं: आवळलेल्या जागी रंग पोचत नाही, तिथे रेघा पांढऱ्या राहतात. माझ्या वाट्याला अकरा मिनिटं आली होती. एरवी रुमालाएवढा तुकडासुद्धा माझे दोन दिवस घेतो: एक टाक्यांत जातो, दुसरा बुडवण्यात, वाळवण्यात आणि उसवण्यात.

मग अकरा मिनिटांत कसं बसवायचं? टीव्हीवाल्यांकडे याचं उत्तर तयार असतं. प्रत्येक टप्प्याचा वेगळा तुकडा घरून करून न्यायचा आणि मधला वेळ कापून टाकायचा. मी सात केले. एकावर नुसत्या रेघा आखलेल्या, एकावर अर्धा धावदोरा, एकाच्या चुण्या ओढून गाठी मारलेल्या, असे पुढेपुढे, शेवटचा उसवायला तयार. सातही एकाच कापडाचे भासायला हवे होते, आणि तिथेच मी अडले. हात रोज सारखा पडत नाही. मंगळवारचा टाका बारीक, बुधवारचा सैल. दोन तुकडे पूर्ण उसवून पुन्हा शिवले.

दोऱ्याचंही तसंच. मी पांढऱ्या कापडावर पांढराच दोरा वापरत आले. कार्यक्रमाच्या मुलीने नमुन्याचा फोटो मागितला आणि लगेच फोन केला, "ताई, टाके दिसतच नाहीयेत." लाल दोरा घ्या म्हणाली. मला धसकाच बसला, कारण निळीचं पाणी आम्लारी असतं आणि त्यात कच्चा लाल रंग सुटला की सगळं काम गुलाबी. दोन लाल दोरे पांढऱ्या चिंधीत गुंडाळून रात्रभर खाऱ्या सोड्याच्या पाण्यात ठेवले. सुती दोऱ्याने चिंधी रंगवली, पॉलिएस्टरचा पक्का निघाला. तोच घेतला. निळ्या कापडातून टाके उसवताना लाल दोरा इतका स्वच्छ दिसतो की आता माझ्या सगळ्या कामाला तोच वापरणार आहे.

कपड्यांची सूचना आधीच आली होती, बारीक पट्टे किंवा चौकडी नको. मी स्वतः विणलेलं बारीक पट्ट्यांचं जाकीट घालायचं ठरवलं होतं, म्हणून जरा लागलं. पण तिथे कुणाच्या तरी पट्ट्यांच्या रुमालावर कॅमेरा वळला आणि पडद्यावर ते पट्टे नागमोडी वळवळायला लागले. कापडाची उभी-आडवी वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची जाळी एकमेकींवर पडली की डोळ्याला नसलेली तिसरीच नक्षी उठते. दोन जाळीदार पडदे एकमेकांवर सरकवून पाहिले तरी हेच होतं. विणकर म्हणून मला ते खरं तर तासभर बघत बसायचं होतं.

नावाखाली काय लिहायचं, हे विचारलं तेव्हा मी "वस्त्रकलाकार" म्हणाले. त्यांच्या कागदावर "गृहोपयोगी कला" होतं. मी बदलून घेतलं. घरात वापरायच्या वस्तूंबद्दल मला कमीपणा वाटत नाही, पण मी करते ते भिंतीवर लागतं आणि त्यात मला काही म्हणायचं असतं. अ‍ॅनी अल्बर्स या विणकर जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकायला गेल्या तेव्हा तिथे बायकांना विणकामाच्या कार्यशाळेकडेच वळवलं जाई. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. त्या संग्रहालयात वस्त्रकलाकाराचं ते पहिलंच एकल प्रदर्शन. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं नाही, घाईत होती बिचारी. मनात मात्र तेच होतं.

खरी काळजी निळीची होती. स्टुडिओत एसी इतका गार की माझं झाकणाचं पिंप तासाभरात कोमट झालं. रंगाचं पाणी नीट तयार झालेलं असलं की वर तांब्यासारखी चकाकती साय असते आणि खाली पिवळट हिरवं पाणी. गारठलं की ते मंदावतं, आणि कुणी उगाच ढवळलं की हवा शिरून बिघडतं. मी सेटवरच्या एका मदतनिसाला सांगितलं. त्याने एक शब्द न विचारता मोठ्या टबात गरम पाणी आणून पिंप त्यात बसवलं, आणि माझी वेळ येईपर्यंत दोनदा ते पाणी बदललं. आजच्या दिवसातला हा माणूस मी विसरणार नाही.

टाके घालताना वरून कॅमेरा होता. माझाच हात सुई झाकत होता, म्हणून सुई डावीकडून उजवीकडे न्या म्हणाले. इतक्या वर्षांची सवय मनगटात बसलेली, ती एका मिनिटात उलटत नाही. चार टाके घातले, चारही वेडेवाकडे. शेवटी त्यांनीच कॅमेरा हलवला. पण तोवर माझा हात थरथरायला लागला होता, आणि त्याच थरथरत्या हाताने मी त्या ओळीची गाठ मारली.

निवेदिकेच्या ओळींमध्ये "झटपट, अवघ्या अकरा मिनिटांत" असं होतं. ते बदला म्हणून मी अडून बसले. कुणी ते ऐकून रात्री करायला बसेल, जमलं नाही की आपला हात वाईट असं समजेल आणि कापड कोपऱ्यात टाकून देईल. थोडी कुजबुज झाली. मग "दोन निवांत दिवसांचं काम" असं ठरलं.

आणि मग बुडवणं. त्यांच्या मनात असं होतं की तुकडा पाण्यात गेला की कट, आणि पुढच्या दृश्यात दुसरा, वाळलेला तुकडा माझ्या हातात. मी दिग्दर्शकांना म्हटलं, बाहेर काढल्यावर मला दोन मिनिटं द्या, कॅमेरा थांबवू नका. एवढी एकच गोष्ट कापडावर डोळ्यांदेखत घडते. तयार तुकड्यांतून ती दाखवता येत नाही.

त्यांनी दिली.

भिजवून पिळलेला तुकडा अलगद, बुडबुडा न उठवता आत सोडला. हात पाण्यात तसाच धरून ठेवला. वर काढला तेव्हा तो कोवळ्या पानासारखा हिरवट होता. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. तिचं रूप बदलून ती विरघळेल अशी करावी लागते, म्हणून पिंपातलं पाणी हिरवं-पिवळं असतं. धागा ते पाणी पितो, बाहेर हवा लागते आणि रंग पुन्हा निळा होऊन धाग्यातच अडकतो. हे सगळं बोलायचं मी पाठ करून गेले होते, पण तिथे बोललेच नाही. चुण्यांच्या कडांवर आधी निळाई आली, मग ती खाचांकडे सरकत गेली. निवेदिका अगदी हळू आवाजात म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "आतल्या घड्या अजून हिरव्या आहेत." पुन्हा सगळे गप्प. मागे कुठेतरी एक खुर्ची करकरली तेवढीच.

नंतर तिने विचारलं, हा रंग नैसर्गिक की रासायनिक? माझं उत्तर लांबलं. झाडातून काढलेल्या निळीत आणि १८९७ पासून कारखान्यात बनून बाजारात आलेल्या निळीत निळं द्रव्य एकच असतं, फरक असतो तो झाडाबरोबर येणाऱ्या इतर अंशांचा. आणि पिंपात अपायकारक काय असू शकतं, तर आपण त्यात मिसळलेली इतर रसायनं. प्रसारणात यातलं अर्धं वाक्य उरेल असं वाटतंय. उरलं तर रसायनांचं उरावं, कारण हातमोजे न घालता करू बघणारे खूप असतात.

शेवटी उसवणं. कात्रीने लाल गाठी कापल्या, ओढलं, आणि पांढऱ्या रेघांची नक्षी उघडली. समोरच्या सगळ्यांच्या तोंडून "अहा" निघालं, मनापासूनचं. मलाही बरं वाटलं. पण तो तुकडा मी घरी, चार वेळा बुडवून, आधीच रंगवलेला होता. ज्या तुकड्याची दोन मिनिटं सगळ्यांनी श्वास रोखून पाहिली, तो बांधलेलाच राहिला. आवराआवरीत कुणीतरी तो टाकाऊ कापडात टाकत होतं, मी परत घेतला.

अकरा वाजून पाच

उघडला.

एकदाच बुडवलेला, त्यामुळे निळा फिकट, पहाटेच्या आभाळासारखा. तीन ओळी स्वच्छ पांढऱ्या आल्यात. चौथीत, थरथरत्या हाताने मारलेली ती गाठ सैल राहिली होती. तिथे निळं आत शिरलंय आणि रेघेच्या मधोमध बोटाएवढा धुकट डाग झालाय, कडांना विरत गेलेला. मुद्दाम करायला गेले असते तर जमला नसता. तुकडा खळखळून धुतला, दोरीवर टाकलाय. चिमटा कोपऱ्याला लावलाय, डागापासून लांब.