उलटा पत्ता

जुलै १९९१. मुंबईतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. टेप बदलायच्या, प्रिंटरला कागद लावायचा आणि ईमेल सांभाळायचं. ईमेल म्हणजे दिवसातून दोनदा जुहूला एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेच्या ‘शक्ती’ नावाच्या मशीनला फोन लावणं. आमचं एक्स्चेंज जुनं, त्यामुळे मोडेमला, म्हणजे कॉम्प्युटर फोनला जोडणाऱ्या डब्याला, सुरांनी नंबर लावण्याचा ‘एटीडीटी’ हुकूम देऊन चालत नसे, ‘एटीडीपी’ द्यावं लागे. मग तो डायल फिरवल्यासारखा टकटक करत नंबर लावी. लागलाच तर टपालाची देवघेव. शक्तीकडून पुढे अमेरिकेत यूयूनेट या टपाल पुढे धाडणाऱ्या सेवेला, आणि तिथून ज्याच्या त्याच्या गावी.

त्या मंगळवारी सर माझ्या टेबलावर एक प्रिंटआउट आपटून म्हणाले, “अरे, हे परत आलं. शुक्रवारी पेपरची मुदत आहे माझी.”

इंग्लंडातल्या सहलेखकाला पाठवलेलं पत्र ‘होस्ट अननोन’, म्हणजे असं मशीन माहीत नाही, असा शेरा घेऊन आलं होतं. पत्ता मी त्याच्या एअरमेलच्या पाकिटावरून अक्षर न् अक्षर उतरवला होता: नाव, ॲट, मग यूके, एसी, विद्यापीठ, आणि शेवटी सीएस.

मला वाटलं, वाट चुकली. यूयूसीपीत, म्हणजे फोनवरून एका मशीनकडून दुसऱ्याकडे टपाल नेणाऱ्या आमच्या पद्धतीत, वाटेतलं प्रत्येक मशीन उद्गारचिन्हं टाकून ओळीनं लिहिता येई. दादरला उतर, कल्याणला गाडी बदल, तसं. तसंही पाठवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तोच शेरा. तेव्हा प्रत्येक नेटवर्कचं सोवळं वेगळं. बिटनेट या विद्यापीठांच्या, बहुतेक आयबीएम मशीनांच्या नेटवर्कवाल्याला लिहायचं तर पत्त्यात टक्क्याची खूण घालून दोन नेटवर्क जोडणाऱ्या मधल्या गेटवेच्या गळ्यात मारायचं, आणि त्यातून सी भाषेतला प्रोग्राम धाडला तर आयबीएमच्या अक्षरसंचात महिरपी कंस भलतेच होऊन निघण्याची धास्ती. माझे असे दोन दिवस गेलेले आहेत, त्याबद्दल न बोललेलं बरं.

बुधवारी दुपारी डबा खाताना भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे देशांच्या दोन अक्षरी खुणांची यादी चिकटवलेली होती. सीएस: चेकोस्लोव्हाकिया.

मी तसाच उठलो. “सर, तुमचे मित्र प्रागला गेलेत का?”

“छे! तो कॉम्प्युटर सायन्समध्ये आहे.”

तिथेच उलगडा झाला. ब्रिटिश विद्यापीठांचं जॅनेट नेटवर्क पत्ता देशापासून सुरू करून खात्यापर्यंत उतरवत असे. बाकी सगळे खात्यापासून देशाकडे चढणारे. त्या गृहस्थांनी सवयीनं आपल्या पद्धतीनं लिहिलं होतं, आणि आपली मशीनं शेवटचा शब्द पाहून देश ठरवत होती. आधी खातं, मग विद्यापीठ, मग एसी, शेवटी यूके असा पत्ता मी उलटा करून टाइप केला.

पाठवणं राहिलंच होतं. बाहेर धो धो पाऊस, फोनमध्ये खरखर. पेपर वीसेक हजार अक्षरांचा. सेकंदाला २४०० बिटच्या मोडेमवर सेकंदाला २४० अक्षरं धरली तर दीड मिनिटाचं काम. पण यूयूसीपी ६४-६४ बाइटचे तुकडे पाठवी, आणि तुकडा बिघडला की तो पुन्हा. त्यातही लाइन तुटली तर अख्खी फाइल पहिल्यापासून. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा मोडेमचा दिवा लुकलुकत राहिला आणि रांगेतून फाइल गेली, तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते.

गुरुवारी संध्याकाळी उत्तर आलं: पेपर मिळाला, तिसऱ्या पानावरचं एक समीकरण तपासा. मी प्रिंट काढून कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या आणि कागद सरांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

“छान. आता एक कर,” ते म्हणाले, “पेपरची झेरॉक्स काढ आणि एअरमेलनंही टाकून दे. उगाच प्रागला जायला नको.”