स्ट्रू म्हणजे सडा

परवा लेक इंग्रजीचा अभ्यास करता करता मधेच म्हणाली, बाबा, स्ट्रू (strew) म्हणजे काय? मी तिच्याच खोलीकडे बोट दाखवलं, हे बघ, कपडे, वह्या, स्केचपेनची टोपणं, सगळं स्ट्रून आहे. तर म्हणे, त्याला पसारा म्हणतात.

बरोबरच होतं तिचं, पण माझं काही समाधान होईना. आपण गुलाल उधळतो, कोथिंबीर भुरभुरतो, पाणी शिंपडतो, शेतात बी फोकतो, एका क्रियापदावर भागवायची आपल्याला सवयच नाही. शेवटी प्राजक्ताचा सडा आठवला आणि जरा बरं वाटलं.

मग डिक्शनरी उघडली आणि तासभर गेला. स्ट्रू आणि स्ट्रॉ ही सख्खी भावंडं निघाली, स्ट्रॉ म्हणजे जमिनीवर पसरायचा पेंढा! जुन्या इंग्लंडात घरात लव्हाळे आणि वासाचा पाला पसरायचे, त्यावरच वावरायचं (खाली काय काय कुजत असेल ते सोडा). राजाकडे तर या कामाला खास बाई असायची. १८२१ साली चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकात अ‍ॅन फेलोज नावाची बाई सहा मुली घेऊन मिरवणुकीपुढे फुलं टाकत चालली होती. आणि आपण नारळपाण्यात घालतो ती स्ट्रॉ पण आधी खरोखरची राय गवताची पोकळ काडीच होती, कागदाच्या स्ट्रॉचं पेटंट मार्विन स्टोनने घेतलं ते १८८८ मधे.

खरी गंमत पुढेच आहे. या स्ट्रूचं मूळ आणि संस्कृतातल्या स्तृ धातूचं मूळ एकच, स्तृ म्हणजे पसरणं, अंथरणं. त्यातूनच आपला विस्तार. लॅटिनमधल्या भावंडातून फरसबंद रस्ता आला, म्हणजे स्ट्रीट. आणि होमाच्या वेळी अग्नीभोवती दर्भ मांडतात त्याला गुरुजी परिस्तरण म्हणतात, लग्नात नवरदेवाला बसायला देतात तो दर्भाचा विष्टर, तोही याच घरातला. म्हणजे तिकडे पेंढा इकडे दर्भ, पण दोन्हीकडे गवतच की! इतकी वर्षं पाटावर बसून ते परिस्तरण ऐकलं, एकदाही डोक्यात आलं नाही.

हे सगळं मी लेकीला उत्साहाने सांगायला गेलो तर तिने ऐकता ऐकता वहीत "स्ट्रू = पसारा करणे" लिहून टाकलं होतं, पेन टोपण न लावता तिथंच सोडलं आणि खेळायला पळाली.