मागून येणारी घुंगरं

घोडागाडीच्या स्पर्धेत मला घोड्यांनी कधी फारसा मनस्ताप दिला नाही. दिला तो आजूबाजूच्या गाडीवानांनी. घोडा बिथरला तर त्याचं कारण शोधता येतं, त्यावर काही करता येतं. पण सीटखाली स्पीकर ठेवून, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून तुमच्या चाकाला चाक लावत येणाऱ्या पंचविशीतल्या पोराचं काय करायचं?

हे शर्यतीबद्दल नाही, आधीच सांगते. आमच्या अलिबाग-मुरुड पट्ट्यात पुळणीवर शर्यती होतात, त्यात पुढे गेला तो जिंकला, विषय संपला. मी म्हणतेय ती चालीची स्पर्धा. सगळ्या गाड्या एकाच वेळी रिंगणात सोडतात, परीक्षक सांगतील तशी चाल धरायची, आणि शेवटी ओळीत उभं राहायचं. घाई कुणालाच नसते. निदान नसावी.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं अमेरिकेत व्हर्माँटमध्ये होतो. शेजारच्या फार्मवर मॉर्गन जातीचे घोडे होते. मॉर्गन म्हणजे त्या राज्याचा अधिकृत राज्यप्राणीच. तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी मला गाडी हाकायला शिकवलं आणि मग त्यांच्याबरोबर स्पर्धांनाही नेलं. तिकडे त्याला प्लेझर ड्रायव्हिंग म्हणतात. आधी कदम चाल, मग सावकाश दुडकी, मग नेहमीची दुडकी, मग लांब टापांची जोरदार दुडकी. मधेच थांबा, शांत उभे राहा, दोन पावलं मागे या. मग दिशा बदलून पुन्हा सगळं तेच. दुडकीतून घोडा चौखूर सुटला की गुण गेले. गाडीवानाच्या मांडीवर एप्रन, हातात मोजे, डोक्यावर टोपी, आणि चाबूक हातातच हवा, गाडीत ठेवून चालत नाही. अमेरिकन ड्रायव्हिंग सोसायटीच्या नियमांत ‘वर्किंग’ नावाच्या वर्गात ७० टक्के गुण घोड्याची कामगिरी, चाल आणि वागणूक यांनाच असतात. साज आणि गाडीला २०, कपड्यांना १०. म्हणजे घोडा किती देखणा, गाडी किती जुनी, याला फार किंमत नाही. शहाण्यासारखा वागला का, हा प्रश्न.

आता आम्ही नागावला सासरच्या वाडीत राहतो. नारळ, पोफळी, दोन खोल्या पर्यटकांना, आणि गव्हर्नर. हे नाव माझं नाही, त्याच्याबरोबर आलं. गव्हर्नर हा आमचा घोडा, मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाडी ओढायचा. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या त्या हौशी फेऱ्या बेकायदा ठरवल्या, आणि पुढे त्याच्या मालकाने त्याला विकायला काढलं. बेस्टची बस, लग्नाची वरात, फटाके, यातलं काहीच त्याला नवीन नाही. पण मागून चाकांचा आणि घुंगरांचा एकत्र आवाज आला की त्याच्या पोटात गोळा येतो. का, ते त्यालाच माहीत.

तसं बघितलं तर कुठल्याही घोड्याला हे अवघडच जातं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे मान न हलवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. कपाळासमोरचा थोडा भाग आणि बरोबर पाठीमागचा पट्टा तेवढा अंधार. पण गाडीला जुंपताना आपण झापडं लावतो. ती लावायलाच हवीत, नाहीतर स्वतःच्याच गाडीची चाकं बघून तो पळेल. झापडं लागली की मागचं आणि बाजूचं बहुतेक सगळं गेलं. उरले कान. म्हणजे मागून येणारी गाडी त्याच्यासाठी गाडी नसतेच, नुसता वाढत जाणारा आवाज असतो. आणि आवाज कुठे वळणार, कधी थांबणार, हे ओळखायला त्याच्याकडे काही साधन नाही. साधन म्हणजे मी.

गव्हर्नरचं काय होतं ते मला गाडीत बसून अगदी जवळून दिसतं. आधी डावा कान मागे फिरतो, उजवा माझ्याकडेच असतो. मग दोन्ही मागे. मांडीमागून जाणाऱ्या पट्ट्याखालची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. आणि मग लगाम एकदम हलका लागतो, हातातलं वजनच नाहीसं होतं. नवशिक्याला वाटतं, वा, किती हलकं तोंड आहे! तसं नसतं. त्याने मान वर उचललेली असते, आणि पुढच्या तीन-चार टापांत तो काहीतरी ठरवणार असतो. तेवढ्यात तुम्ही घाबरून लगाम खेचलात की त्याला खात्री पटते, मागे जे काही आहे त्याला बाईपण घाबरली.

म्हणून मी त्या क्षणी खेचत नाही. एका बाजूची बोटं मिटते, सोडते, मग दुसऱ्या बाजूची. अगदी थोडं. आणि बोलते. काय बोलते ते महत्त्वाचं नाही, आज भाजीला काय करायचं तेही चालतं, पण रोजच्या आवाजात. एक कान माझ्याकडे परत आला की काम झालं. दोन्ही यावेत असा हट्ट मी धरत नाही.

पण ही सगळी मलमपट्टी. खरं काम त्याच्या आधीचं असतं, आणि ते म्हणजे जागा बघणं. मालकीणबाई पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावायच्या: घोड्याच्या कानांकडे बघत बसू नकोस, दोन गाड्या पुढे बघ, मोकळी जागा कुठे होतेय ते बघ. रिंगणातल्या गाड्या कधीच सारख्या अंतरावर राहत नाहीत. तीन-चार एकत्र गोळा होतात आणि कुठेतरी अर्धं रिंगण ओस पडतं. परीक्षकासमोरून जाताना सगळे दाटीवाटीने जातात, कारण प्रत्येकाला वाटतं आपण दिसलो पाहिजे. अहो, गर्दीत दिसणार काय? परीक्षकाला मागे एकटी चाललेली गाडी आधी दिसते.

जागा करायची तर कोपरा वापरायचा. लोक कोपरे कापतात. आपण कोपऱ्यात पार आत शिरून वळलं की आपोआप अंतर पडतं, मागचा चिकटलेला असेल तर तो पुढे निघून जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर वळण घेतलं. अगदीच कोंडी झाली तर आतल्या बाजूला एक गोल फेरी मारून दुसरीकडच्या मोकळ्या जागेत जायचं. याला काही गुण जात नाहीत. उलट अडचणीतून न धसमुसळता बाहेर पडणं ही वागणूकच झाली. ओलांडून जायचं असेल तर आतल्या बाजूने, आवाज देऊन, आणि पूर्ण पुढे गेल्याशिवाय त्याच्यासमोर वळायचं नाही. आमच्याकडे हा शेवटचा भाग कुणाला माहीत नसतो. नाकासमोरून गाडी घुसवतात आणि मागे वळून हसतात.

पुळणीवर आणखी एक भानगड असते, ती अमेरिकेत नव्हती. रिंगणाची एक लांब बाजू पाण्याकडे, दुसरी सुरूच्या बनाकडे. पाण्याकडची वाळू ओली, कडक, चाकं सुरेख चालतात. सुरूकडची कोरडी, भुसभुशीत, तिथे चाक रुततं. मग सुरूकडच्या बाजूला सगळ्या गाड्या हळूहळू कडक वाळू शोधत आत सरकतात आणि एकमेकांच्या अंगावर येतात. मी तिथे मुद्दाम बाहेर, रेतीतच राहते. माझी गाडी हलकी आहे, चाकं रबरी आहेत, त्याला झेपतं. रेतीत चाकांचा आवाज दबतो, आणि गव्हर्नरला थोडा जोर लावावा लागतो म्हणजे त्याचं डोकं कामात राहतं. चाल जरा जड दिसते, दिसू दे.

आणि हे सगळं पुन्हा ओहोटीवर. आयोजक रविवार बघतात, तिथी बघत नाहीत. आमच्याकडे कुठलाही कोळी सांगेल, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी नऊला पाणी पार खाली. अशा सकाळी गाड्या सोडा की! पण अष्टमीच्या रविवारी आठ वाजता नारळ फोडायचा म्हटलं तर भरती सहाची, पाणी जेमतेम मागे सरकायला लागलेलं. त्यात अष्टमीला ओहोटीही पौर्णिमा-अमावास्येसारखी लांब जात नाही. उरते ती चिंचोळी पट्टी, आणि तिच्यात डझनभर गाड्या. मग एकमेकांना त्रास नाही होणार तर काय!

आता माणसांकडे येते. माझ्या मते त्रास देणाऱ्यांतले बहुतेक जण मुद्दाम देत नाहीत. त्यांना कळतच नसतं. स्पीकरवाला पोरगा त्यातलाच. साज झकास, घोडी चकचकीत, गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि सीटखालून अख्ख्या पुळणीला ऐकू जाईल अशी कोळीगीतं. स्पर्धेआधी पाणी पाजायला सगळे एकत्र येतात, तिथे त्याच्याकडे गेले. अशा वेळी ‘तुझ्या आवाजाने’ असं सुरू केलं की भांडण झालंच. त्याच्या घोडीचं कौतुक केलं, खरंच करण्यासारखी होती, आणि म्हटलं, “आमचा म्हातारा मागच्या आवाजाला बिचकतो रे.”

तो म्हणाला, “वहिनी, येवढा मोठा घोरा नि घाबरतंय?”

“घोडा एकवेळ सावरेल, मला नाही सावरणार. माझ्या मागून जाताना तेवढं बंद कर. पुढे गेलास की लाव परत.”

त्याने केलं तसं. नुसतं बंद नाही केलं, लांबूनच “वहिनी, येतंय गो!” अशी हाळी दिली. झापडं लावलेल्या घोड्याला माणसाचा आवाज किती बरा वाटतो! गव्हर्नरचा कान एकदा हलला आणि परत जागेवर. माझ्याकडून कौतुक ऐकून पुढे गेल्यावर त्याने गाणं दुप्पट आवाजात लावलं, पण ते पुढच्यांनी बघावं.

मुद्दाम करणारे थोडे, पण असतात. एक गृहस्थ आहेत, वयाने मोठे, हाकण्यात माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेले. परीक्षकांच्या टप्प्यात आलं की मागून जवळ येतात आणि चाबूक हवेत फटकारतात. स्वतःच्या घोड्याला लावत नाहीत, त्यामुळे कुणी बोलू शकत नाही. त्यांना बोलून उपयोग नाही आणि वयामुळे बोलवतही नाही. त्यावर एकच उपाय सापडला: कोपऱ्यात गोल फेरी मारायची आणि त्यांच्या मागे जाऊन राहायचं, भरपूर अंतर ठेवून. ते जोर करून पुन्हा माझ्या मागे यायला बघतात तेव्हा त्यांचाच घोडा दुडकी मोडतो. तक्रार करायची तर फेरी संपल्यावर, आयोजकांकडे, शांतपणे. फेरी चालू असताना हातवारे केले तर परीक्षकाला एवढंच दिसतं की या बाईचं लक्ष गाडीकडे नाही.

घरी सराव करताना मी आवाज एकेक करून देते. पुतण्या सायकलच्या चाकात प्लास्टिकची पिशवी अडकवून मागून येतो, आधी लांबून, मग जवळून, मग ओलांडून. तो ओलांडून गेला की मी लगेच गव्हर्नरला थांबवते आणि उभं करते, म्हणजे आवाज आला की पुढे काय, तर विश्रांती, असं त्याच्या डोक्यात बसतं. घुंगरांसाठी शेजारच्या काकांची बैलगाडी मिळते. काकांचे बैल इतके निवांत आहेत की गव्हर्नरला पंधरा मिनिटांत कंटाळा येतो, आणि कंटाळलेल्या घोड्यासारखं सुख नाही.

एवढं करूनही कधी घोडा हाताबाहेर जाईल असं वाटलं तर मान-अपमान न बघता रिंगणाच्या मध्यावर जायचं, हात वर करायचा आणि ओळखीच्या माणसाला घोड्याच्या तोंडाशी उभं करायचं. आणि एक गोष्ट डोळे झाकून पाळायची: गाडी जुंपलेली असताना तोंडावरचा साज काढायचा नाही, झापडंसुद्धा नाही. आधी गाडी सोडायची, मग तोंड मोकळं करायचं. घोडा भेदरलाय म्हणून दयेपोटी कुणीतरी झापडं काढायला धावतं, आणि मागे इतका वेळ फक्त ऐकू येणारी गाडी त्याला एकदम दिसते. मग त्याला धरायला लगामही उरलेला नसतो.

यंदाच्या आयोजकांना मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. सगळ्या गाड्या एकदम सोडू नका, निम्म्या-निम्म्यांच्या दोन फेऱ्या करा, आणि तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. पहिल्या मागणीवर विचार करतो म्हणाले. दुसरीवर म्हणाले, “वहिनी, मंडपवाल्याला आगाऊ देऊन झालंय.” तारीख बघितली, सप्तमी आहे. भरती सव्वापाचची. साडेदहाच्या आत सोडू नका, एवढं तरी ऐका म्हटलंय.