पक्षात आलेलं गिऱ्हाईक

पितृपंधरवड्यात आमच्या धंद्यात माशा मारायच्या. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतलेले असतात आणि गावात राहिलेला माणूस पक्षात नवी वस्तू घेत नाही. रत्नागिरीत राम आळीत आमचं चपला-बुटांचं दुकान आहे, वडलांच्या वेळेपासूनचं. या पंधरा दिवसांत मी माळ्यावरचे खोके खाली काढतो, चामड्यावरची बुरशी पुसतो आणि कुठल्या जोडीचा सोल पिठासारखा झालाय ते बघतो. इथल्या दमट हवेत पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचा सोल नुसता पडून पडून आतून कुजतो. दर वर्षी कोणीतरी चांगल्या दिवसासाठी कपाटात ठेवलेला बूट गणपतीत काढतो आणि आरतीला पोचेपर्यंत मागे काळा चुरा सांडत जातो. मग भांडायला माझ्याकडे.

त्या दिवशी चार वाजले असतील. पाऊस नुकता उघडलेला. एक बाई आणि मागोमाग तिची आई, अशा दोघी पायरी चढल्या. आईने चपला दारातच काढल्या. मी 'राहू द्या आजी' म्हणेपर्यंत त्या आत येऊन स्टुलावर बसल्यासुद्धा. मुलगी ओळखीची वाटली. पावसकडच्या एका उपकेंद्रात सिस्टर आहे, चाळिशीला आलेली. जूनमध्ये माझ्याकडूनच तिने पळायचे बूट नेले होते.

आजींनी आधीच सांगून टाकलं, "मी सांगितलाय हिला, पक्षात नवा काय घेव नको."

"घेत नाहीये गं, दाखवायला आलेय," असं म्हणत तिने डावा पाय सँडलमधून काढून माझ्यासमोर ठेवला. "काका, हे बघा."

अंगठ्याचं नख जांभळट काळं पडलेलं. शेजारच्या बोटाला नख नव्हतंच, नुसती गुलाबी कातडी. आणि ते दुसरं बोट अंगठ्यापेक्षा चांगलं तांदळाच्या दाण्याएवढं लांब.

तीस वर्षांची सवय अशी की वाक्य आपोआप जिभेवर येतं. "वापरा ताई, पायात घालून घालून सैल होईल."

"जूनमध्ये पण तुम्ही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे. पेशंटला गोळी घेतली का विचारावं तशा सुरात.

हे वाक्य वडलांचं. त्यांच्या तोंडी ते खरं होतं, कारण ते चामडं विकायचे. कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते, मग पायाच्या घामाने चामडं सैलावतं आणि पायाचा आकार घेतं. पळायच्या बुटाला वरून विणलेली जाळी असते, पुढे बोटांवर प्लॅस्टिकचा थर चिकटवलेला आणि खाली फोम. फोम थोडा दबतो, पण लांबी केसभरसुद्धा वाढत नाही. पहिल्या दिवशी बोट टेकलं तर शेवटच्या दिवशीही टेकणार. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वाक्य सोयीचं होतं, गिऱ्हाईक उठत नाही.

तिला पळताना काय होतं ते विचारलं. ती भाट्याचा पूल ओलांडून वर चढते, गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्या खडकाच्या माळावर, पायवाटेने फिरते आणि उतरते. चढताना काही नाही, दुखतं ते उतारावर. म्हणजे उघडच होतं. उतारावर प्रत्येक पावलाला पाय पुढे सरकतो आणि लांब बोट बुटाच्या नाकावर आपटतं. तासाभरात हजारो वेळा. नखाखाली रक्त साकळतं हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

"जूनमध्ये कधी आला होतात तुम्ही? सकाळी?"

"ड्यूटीला जाताना. दहाला."

तिथेही माझीच चूक. सकाळी पाय बसलेला असतो, दिवसभर उभं राहिलं की फुगतो आणि पळताना आणखी. शिवाय तिला स्टुलावर बसवून माझ्या पोऱ्याने बुटाच्या नाकावर अंगठा दाबला होता. बसलेल्या माणसाचा पाय मोजायचाच नसतो. अंगावरचं वजन पडलं की तो लांब होतो, रुंदही.

मी वहीतले दोन कोरे कागद फाडले. पाय मोजायची सरकती लोखंडी पट्टी आहे दुकानात, पण ती हल्ली खोक्यांना टेकू म्हणून असते. एक कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवला, तिला त्यावर उभं केलं, टाच भिंतीला टेकवली आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारली. मग दुसऱ्या कागदावर दुसरा पाय. उजवा निघाला २४७ मिलिमीटर, डावा २५२. बोटांच्या मुळाशी रुंदी ९८. मग तिचा जुना बूट उलटा करून जीभ बाहेर ओढली. त्या लेबलावर चार आकडे असतात. इंग्लंडचा, अमेरिकेचा, युरोपचा आणि चौथा सेंटीमीटरचा. गिऱ्हाईक पहिला वाचतं, मीही पहिलाच वाचायचो. चौथा आकडा होता २५. पंचवीस सेंटीमीटरच्या पायासाठी बेतलेल्या बुटात आम्ही सव्वापंचवीसचा पाय घालून दिला होता आणि वर 'सैल होईल' म्हणालो होतो.

"सहा नंबर लागतो मला," ती अजून म्हणत होती.

इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या मापात पावणेसात. एका कंपनीचा सहा दुसरीच्या साडेपाचाएवढा. आणि हा सगळा हिशेब ज्यांच्या पायांवर बेतला ते पाय आपले नव्हेतच. इंग्रज गेले, त्यांचे नंबर राहिले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय गोऱ्यांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' नावाचं भारतीय माप सुचवलंय. ते माझ्या फळीवर येईल तेव्हा येईल.

आता प्रश्न असा की बायकांच्या बुटांत आणखी मोठा नंबर घेतला तर लांबी मिळते, पण पंजाशी आवळतंच. दोन जोड्या घालून पाहिल्या. दोन्हींत करंगळी बाहेरून उठून दिसत होती, पिशवीतल्या बटाट्यासारखी. आजी टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "हिचा पाय मोटा नाय रे बाबा, तुजा बूट बारका हाय."

तेव्हा डोक्यात आलं. पुरुषांचा बूट त्याच लांबीला जास्त रुंद असतो. बाईच्या नेहमीच्या बुटाला अमेरिकी मापात बी रुंदी धरतात, पुरुषाच्या बुटाला डी. मी पोऱ्याला पुरुषांच्या फळीवरचे सात नंबरचे बूट काढायला लावले, जिभेवर २६ लिहिलेले.

"पुरुषांचे?" ती थबकली. रंग काळा आणि पोपटी. गुलाबी नाही म्हणून ती थबकली की काय, ते मी विचारलं नाही. पण तिने पाय घातला आणि काही न बोलता बोटं आत हलवून पाहिली. पाचही हलली. उभी राहिल्यावर लांब बोटाच्या पुढे माझा अंगठा आडवा मावला. दुकानाच्या पायरीवर हातगाडी चढवायला एक उतरती फळी टाकलेली असते, तिच्यावरून तिला वरून खाली चालवलं. चार फेऱ्या. नाकाला बोट टेकत नव्हतं, पण आता टाच उचलत होती.

बुटाला सगळ्यात वर, घोट्याच्या अंगाला एक जास्तीचं भोक असतं. ते कशाला असतं ते दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं, रिकामंच राहतं. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवायचा, दोन्हीकडे, मग उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्यातून ओढून बांधायची. टाच मागे बसते. बोटांवरची नाडी मात्र ढिली ठेवायची. हे मी खाली बसून बांधून दाखवलं. तिने सोडलं आणि स्वतः पुन्हा बांधलं. दुसऱ्या खेपेला माझ्यापेक्षा नीट.

मग कळलं की नुसतं सड्यावर पळायचं नाहीये. नोव्हेंबरात तिला ट्रायथलॉन करायचं होतं, स्प्रिंट. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल आणि शेवटी पाच किलोमीटर पळायचं. त्यात पाण्यातून बाहेर आल्यावर कपडे, बूट बदलायला लागलेला वेळही धरतात, घड्याळ थांबत नाही. सायकल साध्या पेडलची, म्हणजे बूट एकदाच घालायचा, ओल्या पायात. तिला एकाच जोडीत दोन्ही हवं होतं.

मी खरं ते सांगितलं. सड्याच्या चिखलाला सोलला चार-पाच मिलिमीटरचे दात लागतात. तेच दात डांबरावर झिजतात आणि पायाखाली खडे असल्यासारखे वाटतात. आणि पावसात जांभ्यावर हिरवं शेवाळ धरलं की कुठलाच सोल तिथे टिकत नाही, कंपनीने डब्यावर काही लिहू दे. तिथे चालायचं. सध्या सड्यावर सीतेची आसवं फुललेली असतात, ती बघत चालायचं. म्हणून बारीक दातांचा बूट सुचवला, दोन्हीकडे बेताचा.

पण ओला पाय? बुटात हात घालून मी आतली शिवण बोटांनी चाचपली. टाचेकडे गुळगुळीत, पण जिभेच्या मुळाशी एक जाड शिवण बोटाला लागली. कोरड्या मोज्यात ती कळत नाही. मी पोऱ्याला म्हटलं, बादली आण.

दुकानात गिऱ्हाइकाच्या पायावर पाणी ओतायची ही माझी पहिलीच वेळ. तांब्याने दोन्ही पाय भिजवले, आजी हसायला लागल्या, "पाद्यपूजा करतोस काय?" पक्षातली पाद्यपूजा म्हणजे फारच. पोऱ्याने मोबाईलवर वेळ लावला. नाडी बांधून पहिल्या खेपेला एक मिनिट चार सेकंद, अर्धा वेळ नुसता ओला पाय आत ढकलण्यात गेला. मग नाडी काढून लवचीक नाडी ओवली, जिला गाठ मारावी लागत नाही, आणि टाचेमागच्या कापडी फासात बोट अडकवून ओढायला सांगितलं. बावीस सेकंद. बोटांवर थोडी पावडर टाकल्यावर सतरा. पण ती शिवण पायाच्या वरच्या बाजूला लाल रेघ उमटवत होती. तशीच दुसरी जोडी काढली, दुसऱ्या कंपनीची, शिवणीशिवायची. सातवी जोडी ती. तीच ठरली. (शर्यत तिने पुरी केली. मी वेळ विचारली नाही, नखं विचारली. जागेवर होती.)

ठरली खरी, पण घ्यायची कशी? आजी पक्षावर ठाम. मग मी, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बिल न करता जोडी पिशवीत घालून दिली. ओल्यात न्यायची नाही, घरात ओटी-पडवीवर रोज अर्धा तास घालायची, संध्याकाळी, दमलेल्या पायांनी. कुठे टोचलं तर परत. टोचलं नाही तर घटस्थापनेला पैसे. जूनच्या जोडीचे निम्मे पैसे वजा करीन म्हणालो. यावर बायको अजून बोलते. जुनी जोडी तिची भाची वापरते म्हणे, तिला बसते.

जाताना भिजलेल्या बुटाचं सांगायचं राहिलं होतं, ते पायरीवर सांगितलं. चुलीजवळ ठेवायचा नाही, कडक उन्हातही नाही, डिंक सुटतो. आतलं पॅड बाहेर काढून वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि तासाभराने बदलायचे.

घटस्थापनेला दोघी आल्या. मुलीने पैसे मोजून दिले. आजी मात्र उठेनात.

"माजा पण माप घे," म्हणाल्या.

मी कागद भिंतीला लावला. साडी घोट्याच्या वर धरून त्या उभ्या राहिल्या. लावणीच्या चिखलात उभं आयुष्य गेलेला पाय. अंगठा आणि शेजारचं बोट यांत पेन्सिल सहज फिरेल एवढी फट, टाचेला नदीच्या तळासारख्या भेगा, आणि पाचही नखं अख्खी. लांबी २३६, रुंदी १०४. मी दोनदा मोजलं. एवढ्या पायाला बसेल असं माझ्या अख्ख्या दुकानात एकच काढता आलं, पुरुषांची निळ्या पट्ट्यांची रबरी स्लीपर.

आजींनी ती उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात परत दिली.

"हीच तर दारात काढून आलंय."