पाच उद्यान, समुद्रवारा आणि डिस्क गोल्फ

डिस्क गोल्फ म्हणजे थाळीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत बास्केटमध्ये, म्हणजे साखळ्या लावलेल्या टोपलीत, टाकण्याचा खेळ. माटुंग्याच्या पाच उद्यानासारख्या दाट झाडीच्या बागेत सुटी बास्केट लावली, की साठ मीटरचं अंतरही अवघड होतं. खोडांमधून वाट अरुंद असते, म्हणून ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, पिशवीतच ठेवा. १७०-१७५ ग्रॅमची मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची डिस्क, घ्या आणि निम्म्यापेक्षा थोडाच जास्त जोर लावा. जोर वाढला की डिस्क आधी दिशा सोडते.

खरी परीक्षा दुपारी, पश्चिमेचा वारा सुटल्यावर. उजव्या हाताच्या बॅकहँडची, म्हणजे हात शरीरासमोरून आडवा आणून फेकलेली, डिस्क शेवटी डावीकडे वळते. समोरून वारा आला तर तीच उजवीकडे उलटू लागते, आणि पुढची कड जरा वर राहिली तर वर चढून तिथेच वेग गमावते. अशा वेळी जास्त ओव्हरस्टेबल, म्हणजे उजवीकडे सहज न उलटणारी, डिस्क घ्या, बाहेरची कड खाली झुकवा आणि फेक छातीच्या खाली ठेवा. वारा पाठीमागून असेल तर डिस्क लवकर खाली येते, तेव्हा हलकी डिस्क थोडी वर सोडा.

डिस्क गुलमोहरात अडकली? बरोबर तिच्याखाली खूण करून पुढची फेक करा. स्पर्धेत दोन मीटरचा नियम (जमिनीपासून दोन मीटरहून उंच अडकलेल्या डिस्कला दंड) जाहीर झाला असेल तरच दंड लागतो. हरवलेली शोधायला मिळतात ३ मिनिटं.

दहा मीटरच्या आतल्या पटमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या फेकीत, तोल सावरल्याशिवाय पाऊल खुणेपुढे टाकायचं नाही. आणि फिरायला आलेले आजी-आजोबा वाटेत असतील तर थांबा, ते पुरते लांब जाईपर्यंत. इथे घाई अजिबात नको.