आमची वाटचाल : रूळ उखडलेल्या वाटेवरून

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या जिव्री गावी, जुन्या रेल्वे स्टेशनापाशी, आमच्या पहिल्या गटातल्या एक काकू सायकलचं हँडल धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. वय अठ्ठावन्न. कॉलेजात असताना त्या रोज कर्वे रोडने सायकलवर जायच्या. लग्नानंतर सायकल सुटली, मग लूना आली, आणि पुढे पुण्याच्या रस्त्यांवर वाहनं इतकी वाढली की पुन्हा सायकल काढायचा धीरच झाला नाही. "मागून गाडी आली तर मी कुठे सरकायचं, तेवढं सांग," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, मागून गाडी येणारच नाही." त्यांना ते पटलं नाही. पहिले चार-पाच किलोमीटर त्या उजव्या कडेला चिकटून, दर मिनिटाला मागे वळून बघत चालवत होत्या. ब्युसी गावाच्या अलीकडे द्राक्षमळे सुरू झाले तेव्हा पाहिलं, तर त्यांनी मागे बघणं सोडून दिलं होतं.

"मागून गाडी येणार नाही" या एका शब्दावर आमचा फ्रान्समधल्या सायकल सहलींचा धंदा उभा आहे. तो शब्द पाळायला आम्हाला बरीच वर्षं लागली, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर मूर्तिजापूरचं. शकुंतला गाडीचा अरुंद रूळ आमच्या लहानपणाचा भाग होता. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेला हा मार्ग. गाडी बंद पडली, रुळांत गवत वाढलं, आणि ते बघताना दर वेळी पोटात तुटायचं. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं फ्रान्समधल्या लिआँ शहरात राहायला गेलो. मला तिथे काम करायची परवानगी नव्हती, भाषा येत नव्हती. एका रविवारी जुनी सायकल साध्या पॅसेंजर गाडीत चढवली (तिथे बहुतेक अशा गाड्यांत सायकलला पैसे पडत नाहीत), शालाँला उतरले आणि शेजारच्या जिव्रीपासून क्लुनीच्या दिशेने निघाले. वाट सरळ, रुंद, डांबरी. चढ असा की जाणवतही नाही. मध्येच एक छोटी स्टेशनाची इमारत, भिंतीवर गावाचं नाव, समोर फलाट. तेव्हा कळलं की मी रेल्वेच्या रुळांच्या जागेवरून सायकल चालवते आहे. मी फलाटाच्या कडेला बसून रडले. मूर्तिजापूर आठवलं, दुसरं काही नाही.

नंतर वाचून समजलं ते असं. 1879 च्या सुमारास बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी लहान लहान गावांपर्यंत रेल्वे आणि कालवे नेण्याची मोठी योजना आखली. खेडोपाडी रूळ पोचले. पण 1930 नंतर बस आणि मोटारी आल्या, प्रवासी घटले आणि यातले कितीतरी मार्ग एकेक करून बंद पडले. जिव्री ते क्लुनी हा 44 किलोमीटरचा तुकडा 1997 मध्ये सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी खुला झाला. फ्रान्समधली ही पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट. 2004 मध्ये वाहतुकीच्या नियमांत या वाटांची व्याख्याच आली: इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार, बस्स. मोटारीने जी रेल्वे बंद पाडली तिच्या जागेवर आज मोटारीलाच मज्जाव आहे, याचं मला अजूनही फार समाधान वाटतं.

पुण्याला परतल्यावर ओळखीतल्या सहा जणींना घेऊन पहिली सहल केली. नफा शून्य. दुसऱ्या वर्षी दोन गट झाले आणि तिथेच आमचं चुकलं. लोक विचारायचे, "तो प्रसिद्ध कालवा नाही का दाखवत?" म्हणजे कनाल द्यु मिदी. पिएर-पॉल रिके यांनी 1666 मध्ये काम सुरू केलेला, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, 1681 मध्ये पुरा झालेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा 240 किलोमीटरचा कालवा. जागतिक वारसा यादीत 1996 पासून. नावाच्या मोहात पडून मी नकाशावरूनच मार्ग ठरवला. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत डांबर होतं. तिथून पुढे तेव्हा मातीची पायवाट, काठावरच्या 'प्लेन' नावाच्या झाडांची वर आलेली मुळं, आणि आदल्या रात्रीचा पाऊस. एका ताईंचं पुढचं चाक मुळात अडकलं, त्या पडल्या आणि मनगट मोडलं. दोन रात्री मी त्यांच्या खाटेशेजारी होते. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण चूक माझीच होती. मी त्या वाटेवर स्वतः एकदाही सायकल चालवली नव्हती.

त्या दिवसापासून नियम केला की ज्या वाटेवरून मी त्याच हंगामात, त्याच जातीची सायकल घेऊन, दोन्ही बाजूंच्या पिशव्या भरून गेले नाही, ती वाट विकायची नाही. सहा मार्ग छापले होते, त्यातले चार काढून टाकले. माहितीपत्रक इतकं बारीक झालं की नवऱ्याला वाटलं धंदाच बसला.

उरले दोन. पहिला शालाँ ते माकाँ, क्लुनीवरून. दुसरा बोर्दो ते तुलूझ. दुसऱ्याची सुरुवात बोर्दोजवळून होते, तीही जुन्या रेल्वेमार्गावर. या वाटेला रोजे लापेबी यांचं नाव आहे. 1937 ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत त्यांनी जिंकली. गिअर बदलणारी साखळीची यंत्रणा वापरून ही शर्यत जिंकणारे ते पहिलेच. ही वाट सोव्हतेरला संपते. तिथून गारोनच्या कालव्यापर्यंतचा तुकडा साध्या गावरस्त्यांचा आहे. रहदारी अगदी तुरळक, पण आहे. बरेच जण या मार्गाला सरसकट 'वाहनमुक्त' म्हणतात. आम्ही म्हणत नाही. तेवढ्या तुकड्यासाठी टेम्पो ठेवतो, आणि ज्यांना चालवायचंच आहे त्यांना आदल्या संध्याकाळी सगळं नीट सांगतो. कालव्याला लागलं की मग चिंता नाही. पुढे सलग डांबर, सपाट, फक्त दर लॉकपाशी, म्हणजे बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या पाण्याच्या दारांपाशी, छोटासा चढ. या 193 किलोमीटरच्या कालव्यावर 53 लॉक आहेत. आजाँ शहरापाशी तर अख्खा कालवाच 23 दगडी कमानींच्या पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर कालवा, आणि बाजूने आपण सायकलवर. तिथे आमचा गट हमखास तासभर थांबतो, म्हणून त्या दिवसाचं अंतर मी आधीच कमी ठेवते. बोर्दोहून तुलूझकडे जाण्याचं कारण वारा. तिकडे बहुतेक वेळा तो पश्चिमेचा असतो, म्हणजे पाठीवर येतो.

वाहनमुक्त वाटेवर सगळ्यात धोक्याची जागा कोणती, हे मला शिकायला वेळ लागला. वाट मोठ्या रस्त्याला छेदते ती जागा. दोन तास निर्धास्त चालवल्यावर माणूस रस्ता विसरूनच गेलेला असतो. आणि आपण आयुष्यभर आधी उजवीकडे बघत आलो. फ्रान्समध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिली गाडी डावीकडून येते. म्हणून आमच्याकडे एकच सक्ती आहे: फाटक दिसलं की ब्रेक, दोन्ही पाय जमिनीवर, आधी डावीकडे नजर. सरावाच्या वेळी पुण्यातल्या मैदानावर खडूने रस्ता आखून मी हे वीस-वीस वेळा करून घेते. काही जण कंटाळतात. कंटाळू देत.

बाकीच्या गोष्टी हळूहळू कळत गेल्या. क्लुनी आणि माकाँच्या मधला ब्वा क्लेर बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे. आत भर उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, आणि वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात. खेड्यात दुपारचं जेवण बारा ते दोन मिळतं, अडीचला पोचलात तर उपाशी. सोमवारी पावाचं दुकान बंद असण्याची शक्यता फार. एकदा आम्ही दहा जणांनी एका सफरचंदाच्या पिशवीवर दिवस काढला होता, तेव्हापासून पाव रविवारी सकाळीच घेऊन ठेवते. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत नळ असतो, मात्र पिण्यायोग्य नसल्याची पाटी आहे का ते आधी बघायचं. आणि दुकानात शिरताना 'बाँजूर' म्हटल्याशिवाय काही मागायचं नाही. आमच्या बायका हे सगळ्यात लवकर शिकल्या. वाटेतल्या प्रत्येकाला म्हणतात, गाईंनासुद्धा.

शाकाहाराची काळजी सुरुवातीला मला झोपू देत नसे. आता स्वयंपाकघर असलेलीच घरं भाड्याने घेतो. आठवडी बाजारातून भाजी आणतो. प्वी गावच्या हिरव्या मसुरीची आमटी इतकी छान होते की दोन-तीन जणींनी ती मसूर सामानात भरून पुण्याला आणली.

2020 मध्ये तीन गटांचे पैसे जमा होते आणि सगळं ठप्प झालं. तिकडच्या काही आगाऊ रकमा परत मिळाल्या नाहीत. आम्ही मुदतठेव मोडून प्रत्येकाला पूर्ण पैसे परत केले. तो काळ वाईट गेला. पुन्हा सुरू केलं तेव्हा त्या तीन गटांतले बहुतेक सगळे परत आले. जाहिरात आम्ही कधी केली नाही, आजही करत नाही.

आज गटात आठच माणसं घेतो, वर्षाला चार गट, दिवसाला पस्तीस किलोमीटरच्या आसपास. कुणी म्हणतं, एवढ्यात काय सायकलिंग! त्यांच्यासाठी दुसरे बरेच जण आहेत. आम्हाला ज्यांची सायकल भीतीपोटी सुटली ती माणसं हवी आहेत. येत्या मे महिन्यात निव्हर्ने कालव्याची वाट तपासायला एकटी जाणार आहे. ओसेरपासून दसीझपर्यंत 174 किलोमीटर. डांबर कुठे, माती कुठे, पावसात काय होतं, सगळं वहीत लिहून आणीन. जमलं तर तिसरा मार्ग.

जिव्रीला हँडल धरून उभ्या राहिलेल्या काकू यंदा चौथ्यांदा येत आहेत, सुनेला घेऊन. सुनेला सायकल येतच नाही. सकाळी सहा वाजता काकू तिला सोसायटीमागच्या मैदानावर शिकवतात, सीट मागून धरून. परवा त्यांचा फोन आला: आज हात सोडला, पोरीला कळलंही नाही.